अपमानाचे कागद जाळू नका

ज्या जुन्या कागदावर आपल्या आजोबांचा उल्लेख तुच्छतेने केलेला आहे, तो कागद आपण जाळून टाकावा काय? वकिलीच्या धंद्यात हा प्रश्न मला अनेक घरांतून विचारला गेला आहे. “साहेब, आम्ही नवा मार्ग धरला, आता मागची घाण कशाला उकरायची?” असे म्हणणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो, पण त्यांचा सल्ला घातक आहे. तो घातक का, हे समजण्यासाठी इंग्लंडातील गरिबांच्या दप्तरांकडे पाहा.

त्या देशात १६९७ च्या कायद्याने, सार्वजनिक मदत घेणाऱ्या गरिबाने उजव्या खांद्यावर ‘पी’ अक्षराचा तांबडा वा निळा बिल्ला लावणे सक्तीचे केले होते. (कपाळावरच्या खुणेचा अर्थ आपल्या वाचकांना निराळा सांगावयास नको.) पुढे १८३४ साली नवा कायदा आला आणि निराधारांसाठी ‘वर्कहाऊस’ नावाची घरे उभी राहिली. आत पाऊल ठेवताच नवरा, बायको व मुले यांची ताटातूट होई. आतील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहूनही हलके असावे, हे तर त्या कायद्याचे तत्त्वच होते!

अशा घरांतून बाहेर पडलेल्यांनी आपल्या मुलांजवळ त्याविषयी चकार शब्द काढला नाही. १९०४ पासून तेथे जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर संस्थेचे नाव न घालता नुसता रस्त्याचा पत्ता घालण्याची प्रथा सरकारनेच पाडली. ही दया होती, हे मी मान्य करतो. परंतु मी विचारतो, लाज कोणाची झाकली गेली? भुकेल्या मातेची, की तिच्यापासून लेकरू तोडणाऱ्या संस्थेची?

आज त्याच लोकांची पणतवंडे अभिलेखागारांत बसून त्या वह्या उघडतात. दाखल-खारिजीच्या वहीत नाव, वय, धंदा, येण्याचे कारण आणि तारीख सापडते. धर्मनोंदीच्या पुस्तकात अनेकदा जवळच्या आप्ताचेही नाव मिळते. हे पुस्तक १८६९ च्या सुमारास सुरू झाले, ते गरिबाच्या मुलाला परक्या पंथात वाढवले जाऊ नये म्हणून. त्याहून मोलाच्या आहेत त्या जुन्या जबान्या. मदत मागणारा मूळचा कोणत्या गावचा, हे ठरविण्यासाठी त्याला न्यायाधीशासमोर उभे करीत. मी अमक्या गावी जन्मलो, अमक्याकडे वर्षाच्या कराराने चाकरी केली, इतकी मजुरी मिळाली, असे तो सांगे आणि खाली सहीऐवजी फुली काढी. सरदारांच्या घराण्यांची बखर लिहावयास पदरचे लेखक असतात. शेतमजुराचे आत्मचरित्र शोधावयाचे तर ते त्या फुलीच्या वरच शोधावे लागते.

चार्ली चॅप्लिन १८९६ साली, सात वर्षांचा असताना, आई व भावासह लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसात दाखल झाला होता. १९६४ च्या आत्मचरित्रात त्याने ते उघडपणे सांगितले.

मात्र वाचताना सावध असावे. ‘आळशी’, ‘दुर्वर्तनी’ असले शेरे हे लिहिणाऱ्याचे मत होय, पुरावा नव्हे. तारीख, ठिकाण आणि नाते हा पुरावा. आई एका दालनात व मूल दुसऱ्या दालनात ठेवल्याची नोंद खुद्द अधिकाऱ्याच्या हातची असेल, तर ती त्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

आता आपल्या घराकडे वळा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. पण महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात दावा सिद्ध करण्याचा भार दावा करणाऱ्यावरच आहे. तेथे १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याला फार मोल आहे. शाळेच्या रजिस्टरातील, कोतवाल बुकातील वा वतनाच्या कागदांतील जे जातिनाव डोळ्यांना खुपते, त्याच नोंदीवर तुमच्या मुलीचा महाविद्यालयातील प्रवेश अवलंबून असू शकतो. ते नाव आपण पुन्हा धारण करीत नाही. ज्यांनी ते लादले त्यांच्याच वहीतून आपला हक्क काढून घेत आहोत!

आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, हे घरातील वृद्धांना याच आठवड्यात विचारा. त्या रजिस्टराचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी मागून घ्या आणि कोतवाल बुकाच्या नकलेसाठी तहसील कचेरीत लेखी अर्ज करा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परतू नका. जुन्या वह्यांना वाळवी लागते.