जेक्यू-वनची साक्ष तपासून घ्या

कर्करोगावर रामबाण रेणू सापडल्याची बातमी वर्षातून दोन-चारदा तरी छापून येते. बुलढाणा जिल्ह्यातून परळच्या टाटा रुग्णालयात किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात माणूस घेऊन निघालेल्या घरात त्या बातमीचे कात्रण कुणाच्या तरी मोबाइलवर असतेच. ‘डॉक्टर, हे औषध आपल्याकडे मिळतं का?’ या प्रश्नाचे खरे उत्तर पुष्कळदा असे असते, की ते मुळात औषधच नाही. ते प्रयोगशाळेतले हत्यार आहे. औषधाने माणूस बरा व्हायचा असतो, हत्याराने पेशीला प्रश्न विचारायचा असतो. नातेवाइकाला हा फरक कळला नाही तर त्याचा दोष नाही. पण ज्यांनी ते हत्यार हातात घेतले आहे त्यांनीच ते कसे धरायचे याकडे दुर्लक्ष करावे, ही गोष्ट गंभीर आहे. ब्रोमोडोमेन रोधक नावाच्या रेणूंचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास त्यासाठी पाहण्यासारखा आहे.

पेशीच्या केंद्रकात डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. या हिस्टोनच्या शेपट्यांवर अ‍ॅसिटिलच्या रासायनिक खुणा लागतात, आणि खुणा दाट असतील तिथली जनुके सहसा जोरात चालू असतात. ही खूण ओळखून तिला धरणारा प्रथिनातला खळगा म्हणजे ब्रोमोडोमेन. माणसाच्या 46 प्रथिनांत मिळून असे 61 खळगे आहेत. त्यांपैकी बीआरडी-2, बीआरडी-3, बीआरडी-4 आणि बीआरडीटी या चार प्रथिनांच्या घराण्याला ‘बेट’ म्हणतात. यातल्या प्रत्येकात दोन, म्हणजे घराण्यात एकूण आठ खळगे. बीआरडीटी बहुतांशी वृषणात सापडते, बाकीची तिन्ही जवळपास सगळीकडे असतात.

2010 साली बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेतले जे ब्रॅडनर आणि ऑक्सफर्डचे स्टेफान क्नॅप यांच्या गटांनी या खळग्यात चपखल बसणारा एक छोटा रेणू ‘नेचर’मध्ये जाहीर केला. तो बनवणारे रसायनशास्त्रज्ञ जून ची यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले जेक्यू-वन. बीआरडी-4चे जनुक तुटून नट नावाच्या दुसऱ्या जनुकाला जोडले गेल्याने होणारा एक दुर्मीळ आणि अतिशय घातक कर्करोग आहे. त्याच्या पेशींवर या रेणूचा परिणाम दिसला. त्याच वर्षी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनच्या संशोधकांनी आय-बेट हा दुसरा रेणू दाखवला, तो दाहाच्या संदर्भात. पुढच्या वर्षी आणखी मोठी गोष्ट घडली. मिक हे प्रथिन कितीतरी कर्करोगांत पेशींना धावायला लावते, पण त्याच्यावर औषध बसेल असा खळगाच नाही. जेक्यू-वनने बीआरडी-4ला हटवले की मल्टिपल मायलोमाच्या पेशींत मिकचे उत्पादनच खाली येते, असे दिसले. ज्या दाराला कडी नव्हती ते मागच्या बाजूने उघडले होते.

ब्रॅडनर यांनी आणखी एक चांगली गोष्ट केली. रेणूची रचना लपवून न ठेवता मागेल त्या प्रयोगशाळेला नमुने पाठवले. जगभर शेकडो ठिकाणी काम सुरू झाले. औषध कंपन्यांच्या गुप्ततेच्या जगात हा उदारपणा मोठा होता, आणि मला तो आजही योग्यच वाटतो. मात्र नमुना जितक्या सहज पोहोचला तितक्या सहज त्याचे पथ्य पोहोचले नाही.

पथ्य अवघड नाही. जेक्यू-वनचे आरशातले रूप असलेला एक जुळा रेणू आहे. अणू तेच, जोडणी तीच, फक्त अवकाशातली मांडणी उलटी. त्यामुळे तो खळग्यात बसत नाही. दोघांनाही पेशींवर टाकायचे. खरा रेणू टाकल्यावर जे होते ते जुळ्यानेही झाले, तर तो परिणाम ब्रोमोडोमेनचा नाही. दुसरी गोष्ट मात्रेची. बीआरडी-4ला धरायला जेक्यू-वनला काही दशक नॅनोमोलर एवढे प्रमाण पुरते, पेशींवर अर्धा ते एक मायक्रोमोलर पुष्कळ होते. तिथे कुणी दहा मायक्रोमोलर ओतले, तर रेणू काय काय धरील त्याचा नेम नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वेगळ्या बांधणीचा दुसरा रोधक. आय-बेट 762ची बांधणी जेक्यू-वनच्या जवळची आहे, म्हणून त्याचा दुजोरा अर्धाच. आय-बेट 151 किंवा पीएफआय-1 यांची बांधणी निराळी, त्यांचा दुजोरा भारी. आणि एवढे सगळे केल्यावरही उत्तर ‘बेट घराणे’ एवढेच मिळते. जेक्यू-वन आठही खळग्यांत बसतो. ‘जेक्यू-वन दिल्यावर अमुक झाले, म्हणजे ते बीआरडी-4चे काम’ हे वाक्य शोधनिबंधांत सर्रास दिसते, आणि ते त्या एका प्रयोगातून सिद्ध होत नाही. त्यासाठी बीआरडी-4चे जनुक वेगळे बंद करून पाहावे लागते.

याचा उलटा फटकाही बसला आहे. 2014 साली असे दिसून आले, की पीएलके-1 या किनेज प्रकारच्या विकराचा रोधक म्हणून वर्षानुवर्षे वापरला गेलेला बीआय-2536, आणि जेएके-2चा रोधक फेड्राटिनिब, हे दोघेही बीआरडी-4च्या खळग्यात बसतात. म्हणजे आधीच्या ज्या ज्या निबंधात ‘हा परिणाम किनेजमुळे’ असे ठामपणे लिहिले होते, तिथे निदान प्रश्नचिन्ह तरी उभे राहिले. त्या निबंधांच्या लेखकांपैकी किती जणांनी मागे वळून पुन्हा प्रयोग केला? फार थोड्यांनी, असा माझा अंदाज. 2023 मध्ये आठ नामांकित रासायनिक हत्यारांच्या वापराचा एक आढावा प्रसिद्ध झाला. ती हत्यारे ब्रोमोडोमेनची नव्हती, पण शिस्त तीच लागू. 662 शोधनिबंध तपासले. शिफारस केलेली मात्रा, निष्क्रिय जुळा आणि वेगळ्या बांधणीचा दुसरा रेणू ही तिन्ही पथ्ये पाळणारे निघाले 4 टक्के.

आता आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे येऊ. डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले. डोके खाजायचे, मग केस ओढले की निघायचे, आणि काही दिवसांत टक्कल. 18 गावांत पावणेतीनशेच्या आसपास माणसे. पहिला संशय पाण्यावर गेला, कारण खारपाणपट्ट्यातल्या पाण्याबद्दल तक्रार जुनीच आहे. पाण्यात नायट्रेट जास्त निघाले, झाले, गुन्हेगार सापडला. मग शाम्पू, मग बुरशी. आयसीएमआरची पथके आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, रेशनच्या गव्हाचेही नमुने तपासले, आणि सेलेनियम कित्येक पटींनी जास्त असल्याचे सांगितले. एकाच जागी न थांबता शरीरातले तीन नमुने आणि अन्न असे चारही ठिकाणी पाहिले, हे त्यांच्या पद्धतीचे बळ. तरीही काटेकोर वाचकाने पुढचे विचारावेच: त्याच गावात तो गहू न खाणाऱ्यांचे काय झाले? तोच गहू दुसऱ्या तालुक्यात गेला असेल तर तिथे काय दिसले? नायट्रेट तर या पट्ट्यात आधीपासून होते, मग केस तेव्हाच का गळले? हे प्रश्न म्हणजेच जेक्यू-वनचा निष्क्रिय जुळा. त्यांच्याशिवाय कुठलाही पदार्थ आरोपी ठरवता येतो.

बावस्करांचे नाव निघाले म्हणून आणखी एक. विंचूदंशावर त्यांनी कोकणात प्राझोसिन वापरले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. प्राझोसिन मुळात रक्तदाबाचे औषध. ते पेशींवरच्या कोणत्या ग्राहींना अडवते हे पक्के माहीत होते, आणि विंचवाच्या विषाने शरीरात त्याच ग्राहींवर मारा करणाऱ्या द्रव्यांचा लोंढा सुटतो हेही. रेणूचे काम आधी नीट ठाऊक होते म्हणून उपचार जमला. हा क्रम उलटा करून चालत नाही.

आमच्याकडे तो उलटा होतो आहे. बुलढाणा, चिखली, मलकापूर या भागांत फार्मसीची महाविद्यालये आहेत, एम.फार्म.ची मुले प्रबंधासाठी विषय शोधत असतात. प्राणिघर नाही, पेशीसंवर्धनाची सोय नाही, पण संगणक आहे. मग डॉकिंग. बीआरडी-4च्या पहिल्या खळग्यात बसलेल्या जेक्यू-वनची स्फटिकरचना कुणालाही फुकट उतरवून घेता येते. तिच्यातून जेक्यू-वन काढायचा, हळदीतला, कडुनिंबातला, तुळशीतला एखादा रेणू बसवायचा, आणि संगणकाने पकडीच्या ताकदीचा उणे आठ-नऊचा आकडा दिला की निष्कर्ष तयार: कर्करोगविरोधी क्षमता. या खळग्याच्या तळाशी पाण्याचे काही रेणू ठाण मांडून बसलेले असतात, आणि खरा रोधक त्यांच्याशी आणि 140व्या जागेवरच्या अ‍ॅस्परजिनशी जुळवून घेऊन बसतो. पुष्कळ मुले डॉकिंगच्या आधी ‘पाणी काढून टाका’ हे बटण दाबून मोकळी होतात, कारण व्हिडिओत तसे सांगितलेले असते. खळग्याचा तळच काढून घेतला, तर त्यात काहीही मावते. दोष मुलांचा नाही. त्यांना कुणी विचारलेले नसते.

हळदीबद्दल विशेष सांगायला हवे, कारण तिथे अभिमान आडवा येतो. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकी पेटंट 1997 साली डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने रद्द करवून घेतले, ते योग्यच झाले. पण करक्युमिन प्रयोगशाळेत वाटेल त्या प्रथिनावर ‘चालते’. ते अस्थिर आहे, प्रतिदीप्त आहे, प्रथिनांशी नको तितके चिकटते, आणि चाचण्यांना फसवते हे औषधरसायनशास्त्रात आता सर्वमान्य आहे. ते सगळ्यांवर चालते म्हणूनच ते कुणाबद्दलही काही सांगत नाही. उद्या लोणार सरोवराच्या क्षारीय पाण्यातल्या एखाद्या जिवाणूचा अर्क कुणी कर्करोगाच्या पेशींवर टाकला, तर त्यालाही हेच माप लावायला हवे.

ज्यांच्याकडे पेशी आहेत त्यांचे तरी सगळे ठीक आहे का? नेहमीचा प्रयोग असा: 96 खळग्यांची प्लेट, रेणूच्या चढत्या मात्रा, 72 तास थांबायचे, मग एमटीटी घालायचे. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. रंग फिका पडला की ‘पेशी मेल्या’ असे लिहिले जाते. वास्तविक बेट रोधकांनी बऱ्याच पेशी मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. तेवढ्यानेही रंग फिका पडतो. वाढ थांबणे आणि मरणे यांत रुग्णाच्या दृष्टीने केवढे अंतर आहे हे सांगायला नको, कारण औषध बंद केल्यावर थांबलेली पेशी पुन्हा चालू लागते.

त्यातून पेशी कोणती हाही प्रश्न. तंबाखू-चुना आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग आपल्याकडे घरोघरी ओळखीचा झाला आहे, गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असूनही. साहजिकच संशोधकाला तोंडाच्या कर्करोगाची पेशी हवी असते. केबी या नावाची पेशी अनेक वर्षे तोंडाच्या कर्करोगाची म्हणून जगभर वापरली गेली. ती प्रत्यक्षात हेला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आहे, हे कधीच सिद्ध झाले आहे. तरी केबीवर ‘तोंडाच्या कर्करोगाचे’ निष्कर्ष छापले जाणे थांबले नाही. पेशीची ओळख पटवणारी डीएनए चाचणी अवघड नाही. कमल रणदिवे यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली तेव्हा ही सोय नव्हती. आज आहे, आणि ती न वापरण्याला सबब नाही.

हत्यारापासून औषधापर्यंतचा रस्ता किती लांब असतो तेही ब्रोमोडोमेनने दाखवले. स्वतः जेक्यू-वन उंदराच्या शरीरात तासाभरात निम्मा होतो, त्यामुळे तो माणसाला द्यायचा प्रश्नच आला नाही. त्याच्या सुधारित भावंडांच्या चाचण्या झाल्या. रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायकरीत्या खाली येणे ही अडचण पुन्हापुन्हा समोर आली. उंदरांत बीआरडी-4 बंद करून पाहिले तेव्हा आतड्याच्या मूळपेशी घटल्या आणि केस गळले. जनुक पुन्हा चालू केल्यावर बदल मागे फिरले. ल्युकेमियाच्या पेशींनी बीआरडी-4शिवाय मिक चालवण्याची दुसरी वाट शोधली, हे 2015 साली दोन गटांनी दाखवले. पेलाब्रेसिब या रोधकाची मायलोफायब्रोसिसमधली तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल 2023 मध्ये पुढे आले. प्लीहा लहान होण्याचे मुख्य उद्दिष्ट गाठले गेले, रुग्णांना जाणवणाऱ्या लक्षणांत मात्र फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. 2010च्या त्या निबंधानंतरच्या संपूर्ण दशकात या घराण्याचा एकही रोधक कर्करोगाचे औषध म्हणून बाजारात आला नाही. यात अपयश नाही, वेळ आहे. पण कात्रणात वेळ छापलेला नसतो.

कुणी म्हणेल, एम.फार्म.च्या प्रबंधाने असे काय बिघडते, तो कपाटातच तर जातो. तो कपाटात जात नाही. त्याचा निबंध होतो, निबंधाचा आकडा पुढच्या आढाव्यात जातो, आढावा वाचून कुणी अनुदान मागतो, आणि एखादा वार्ताहर त्याची बातमी करतो. अ‍ॅम्जेन कंपनीच्या संशोधकांनी कर्करोगातले 53 महत्त्वाचे निबंध पुन्हा करून पाहिले होते; 2012 साली त्यांनी सांगितले, की फक्त 6 जमले. ते निबंध जिल्ह्याच्या ठिकाणचे नव्हते, नामांकित संस्थांचे होते. तिथे ही स्थिती असेल तर साधने तोकडी असलेल्या ठिकाणी काळजी दुप्पट घ्यायला हवी.

म्हणून अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतल्या मार्गदर्शकांना आणि बाहेरून तोंडी परीक्षेला येणाऱ्या परीक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी एखादी मुलगी ब्रोमोडोमेनवरचा तक्ता लावून समोर उभी राहिली, की तिला आकडा किती आला हे विचारू नका. जो रेणू बसायला नको होता तो घालून पाहिला का, आणि तेव्हा काय आले, एवढे विचारा. तिने ‘पाहिला नाही’ म्हटले तर गुण कापू नका, प्रबंध महिनाभर परत द्या.