शिशावर अर्काचा उतारा?

लसूण, आवळा, शेवगा, हळद यांच्या अर्कांनी रक्तातली शिशाची विषबाधा टळते, असे सांगणाऱ्यांचा आधार बहुतेक वेळा उंदरांवरचे प्रयोग हाच असतो. उंदरांना शिशाचे अ‍ॅसिटेट पाजायचे, त्याच दिवसांत अर्कही द्यायचा आणि कोणाचे हिमोग्लोबिन किती घसरले ते मोजायचे. हे प्रयोग खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. हिमोग्लोबिन घडवणारी एन्झाइमे शिशामुळे मंदावतात, तांबड्या पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. वनस्पतींतली द्रव्ये तो ताण हलका करत असतील, हे पटते. माझा विरोध आहे तो यावरून माणसाला दिल्या जाणाऱ्या आश्वासनाला.

विष आणि अर्क एकदमच पोटात गेले, तर थोडे शिसे आतड्यातूनच बाहेर जाऊ शकते. पण जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या कामगाराच्या हाडांत ते कित्येक वर्षे मुरलेले असते आणि तिथून पुन्हा रक्तात उतरत राहते. शिवाय हिमोग्लोबिन सावरले म्हणून शिसे गेले, असे होत नाही.

लसणाच्या बाजूचा बरा पुरावा इराणचा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बॅटरी उद्योगातले ११७ कामगार होते. चार आठवडे लसणाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तातले शिसे सरासरी १८ टक्क्यांनी उतरले. म्हणजे डेसिलिटरमागे सुमारे ४३ मायक्रोग्रॅमवरून ३५ वर आले. ही घट मी नाकारत नाही, पण ३५ ला सुरक्षित कोण म्हणेल? इराणमध्येच लहान मुलांना कोथिंबिरीच्या अर्काचे सिरप देऊन पाहिले, तेव्हा नुसते औषधाविना सिरप घेतलेल्या मुलांपेक्षा वेगळे काही घडले नाही.

अर्क सोडा, शिशाला बांधून लघवीवाटे काढणाऱ्या सक्सिमर या खऱ्या औषधाचीही मर्यादा पाहा. अमेरिकेत ७८० मुलांवरच्या चाचणीत त्याने रक्तातले शिसे उतरवले, पण २००१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा मुलांच्या बुद्धीत काहीच सुधारणा दिसली नाही. मेंदूचे नुकसान आधीच झाले होते.

मग वनस्पतींचा उपयोग काय? आहे, आणि तो ताटात आहे. लोह कमी पडले की आतडे शिसे जास्त शोषते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, रक्तात शिसे असलेल्या आणि आहारात लोह, कॅल्शियम कमी पडणाऱ्या मुलांना ते पूरक म्हणून देण्याची शिफारस केली. शेवग्याची भाजी आणि आवळा मुलांच्या जेवणात आलाच पाहिजे. त्याला विषावरचा उतारा म्हणून विकणे मात्र थांबायला हवे.

खरे संरक्षण बांगलादेशाने करून दाखवले. ज्या हळदीच्या अर्काचे गोडवे गायले जातात, त्याच हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून तिथे शिशाचे क्रोमेट चोळत. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडले. सरकारने छापे घातले, दंड केला, लोकांना सावध केले. २०२१ पर्यंत प्रमाण शून्यावर आले आणि हळद गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातले शिसेही उतरले.

युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिसे डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक आहे. त्यांच्यासाठी शिसे वितळवणाऱ्या भट्ट्या वस्तीबाहेर हलवा, कामगारांची रक्ततपासणी सक्तीची करा, घरी जाण्यापूर्वी त्यांना आंघोळीची आणि कपडे बदलण्याची सोय द्या आणि मसाल्यांचे नमुने नियमित तपासा.