आवाज कधी येतो ते आधी बघा, मग हौसिंग खोला

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण दुखणं तेच, रोग न ओळखता औषध मारायचं.

आमच्याकडं जुनी फोर बाय फोर जीप आहे, मागं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. साध्या डिफरन्शियलला एक चाक चिखलात फिरत बसलं की दुसरं गप्प राहतं. यात आत क्लच प्लेटा असतात, त्या दोन्ही चाकं थोडी बांधून ठेवतात, म्हणून दुसऱ्या चाकालाही ओढ मिळते. ओढ्याकडच्या रानातून माल काढायला हीच गाडी.

दिवाळीच्या आधी ती वळताना कर्र कट् कट् करायला लागली, मागून हादरे बसायचे. मिस्त्रींनी एक चक्कर मारली न मारली तोच निकाल दिला, "काका, क्राऊन-पिनियन गेलं. हौसिंग उतरवावं लागंल, तीस-पस्तीस हजार धरून चाला." सोयाबीन अजून खळ्यावर, पैसे कुठनं आणायचे?

माझं स्पष्ट मत आहे, आवाज कधी येतो हे न विचारता जो थेट पाना हातात घेतो, त्याच्याकडं गाडी सोडू नये. पान पिवळं दिसलं की मुळी न बघता युरिया टाकणारा आणि हा, दोघं सारखेच.

क्राऊन-पिनियनचा आवाज सरळ रस्त्यावरही येतो. ॲक्सिलेटर दाबला की सूं वाढते, सोडला की बदलते. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते. चाकाचं बेअरिंग असेल तर गाडी जरा डावी-उजवी झुकवली की, वजन पडेल तसा आवाज कमीजास्त होतो. डांबरावरून गुळगुळीत सिमेंटवर गेल्यावर आवाज बदलला तर आधी टायर बघा. गिअर टाकून क्लच सोडताना एकच 'ठक्' आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस हलवून बघा. आणि फक्त हळू, आवळ वळणावर कट् कट् येत असेल, सरळ रस्त्यावर काहीच नसेल, तर पहिला संशय क्लच प्लेटांवर आणि त्यांच्या ऑइलवर.

आमचं नेमकं हेच होतं. आठवून बघितलं, पावसाळ्यात ऑइल बदललं होतं आणि भरलं होतं साधं गिअर ऑइल. प्लेटांना सरकायला त्यात वेगळं ॲडिटिव्ह लागतं. ते नसलं की प्लेटा सरकायच्या ऐवजी चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात, तोच हा आवाज. ऑइल पांढऱ्या फडक्यावर काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकाला राखाडी चिखल होता, तेवढा चालतो. पत्रीसारखे तुकडे किंवा दाताचा कपचा निघाला असता तर मी स्वतः म्हटलं असतं, खोला.

डब्यावर लिमिटेड स्लिप लिहिलेलं ऑइल भरलं, लेव्हल बघितली आणि खळ्यात इंग्रजी आठच्या आकड्यात हळूहळू दहा-बारा फेऱ्या मारल्या, म्हणजे नवं ऑइल प्लेटांत शिरतं. दुसऱ्या दिवशी आवाज गेला. ॲडिटिव्हची बाटली वेगळी मिळते, पण डब्यात ते आधीच असेल तर वरून ओतू नका. जास्त झालं की प्लेटा नुसत्या घसरतात, मग चिखलात गाडी तिथंच. ऑइल बदलूनही कट् कट् राहिलं असतं तर प्लेटा झिजल्या असं धरून मी खोलायला दिलं असतं.

मागं एक टायर नवा, एक गुळगुळीत, अशी काटकसर या गाडीला महागात पडते. चाकांचा घेर वेगळा झाला की सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहतात.

ट्रॅक्टरवाल्यांनीही लक्ष द्या. बऱ्याच ट्रॅक्टरांत ऑइल ब्रेक मागच्याच ऑइलमध्ये बुडालेले असतात. चुकीचं ऑइल पडलं की ब्रेक मारताना कण्हतात, आणि लोक ब्रेक प्लेटा बदलत बसतात.

एक मात्र कधीच करू नका. आवाज ऐकायला मागचं एकच चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये टाकू नका. साध्या गाडीला उचललेलं चाक फिरतं. हिला खाली टेकलेलं चाकही ओढतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. खाली पोरगं वाकून बघत असेल तर? दोन्ही चाकं वर, खाली पक्के स्टँड, पुढच्या चाकांना दगड आणि फोर व्हील काढलेलं, त्याशिवाय चावी फिरवायची नाही.