पैसे मोजलेलं लायसन्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीची सुरक्षा-अपडेट देणं थांबवलं. त्याच्या आगेमागे भिलाईतल्या दुकानांत, सुपेल्यात काय नि पॉवर हाउसला काय, एक वाक्य इतक्या वेळा कानावर आलं की ते आता गावाचं मतच होऊन बसलं आहे: "ग्यारह डाल देते हैं, लाइसेंस-वाइसेंस का टेंशन मत लीजिए." ह्या वाक्याला माझा विरोध आहे. त्यात चोरी आहे म्हणून तर आहेच. पण त्याहून मोठं कारण असं की ह्या बेफिकिरीत गिऱ्हाइकाचंच नुकसान होतं आणि ते झाल्याचं त्याला कळतसुद्धा नाही.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण ते बोलणारी माणसं लबाड नाहीत. ती म्हणतात, विंडोजचं सुटं लायसन्स हजारो रुपयांना पडतं, आणि आठ-दहा वर्षं वापरलेल्या संगणकाची किंमतही तेवढी उरलेली नसते. त्यातून विंडोज ११ चं अपग्रेड तर कंपनीच फुकट देते आहे. मग लायसन्सचा विषय काढायचा कशाला? आणि काढणार कोण? इतकी वर्षं कुणी विचारायला आलं नाही, आताच कोण येतंय?

फुकट आहे ते अपग्रेड. लायसन्स फुकट नाही. ज्या मशीनवर विंडोज १० रीतसर होतं, त्याच मशीनला, त्याच आवृत्तीत विंडोज ११ मिळतं. होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो. मुळात काही नसेल तर अपग्रेडने काहीही येत नाही. ह्या बाबतीतला गैरसमज जुना आहे आणि त्याला कंपनीनेच खतपाणी घातलं. मार्च २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे टेरी मायरसन चीनमध्ये बोलून गेले की असली असो वा नसो, योग्य ते सगळे संगणक आम्ही विंडोज १० वर नेणार. जगभर बातमी झाली, नकली प्रत आता असली होणार म्हणून. दोन महिन्यांच्या आत कंपनीने खुलासा केला की नकलीवर चढवलेलं अपग्रेड नकलीच राहील. पण पहिली बातमी लोकांच्या डोक्यात बसली आणि खुलासा कुणी वाचला नाही.

आता हे सगळं प्रत्यक्षात कसं घडतं ते बघा. भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी, मूळचे अमरावतीकडचे. मुलीने त्यांना नामांकित कंपनीचा लॅपटॉप घेऊन दिलेला, बिलावर स्वच्छ लिहिलेलं: विंडोज १० होम सहित. लॅपटॉप हळू चालतो म्हणून काकांनी दुकानात नेऊन एसएसडी बसवून घेतली. दुकानदाराने जाताजाता "अपग्रेड" पण करून दिलं, पाचशे रुपये वेगळे घेतले. काही महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात ॲक्टिव्हेशनचा इशारा येऊ लागला. मी सेटिंग्ज उघडून पाहिलं तर आवृत्ती प्रो! होम विकत घेतलेल्या मशीनवर प्रो आलं कुठून? मग एसएलएमजीआर ही छोटी आज्ञा एक्सपीआर जोडून चालवली. चौकोन उघडला आणि त्यात व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन संपण्याची तारीख आली. ही पद्धत मोठ्या संस्थांची. तिथे कार्यालयातल्या सर्व्हरकडून दर वेळी १८० दिवसांची मुदत मिळते आणि संगणक ती परत परत वाढवून घेतो. टाउनशिपच्या सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये असा सर्व्हर कुठला असणार? दुकानदाराने पेन ड्राइव्हवरचं कुठलंसं टूल चालवून खोटा सर्व्हर उभा केला होता, आणि त्यासाठी विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस बंद करून ठेवलं होतं.

ह्यातली खरी हानी पुढे आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये पंचवीस अक्षरांची की कारखान्यातच मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये भरलेली असते. ती डिस्कवर नसते. डिस्क बदला, रॅम वाढवा, दहा वेळा फॉरमॅट करा, ती तिथेच राहते. म्हणजे काकांचं रीतसर लायसन्स सगळा वेळ त्यांच्याच लॅपटॉपमध्ये पडून होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज ११ उतरवून घेतलं, नव्याने टाकलं, तर इन्स्टॉलरने ती की आपणहून वाचली, आवृत्तीही न विचारता होम निवडली, आणि इंटरनेट जोडताच ॲक्टिव्हेशन झालं. एक पैसा लागला नाही. काका म्हणाले, "अरे बाप्पा! म्हणजे असली होतं ते मी पाचशे देऊन नकली करून आणलं?"

होय, नेमकं तेच. "एसएसडी बदललं की लायसन्स जातं" हे दुकानात सर्रास ऐकवलं जाणारं वाक्य साफ खोटं आहे. मशीनबरोबर आलेलं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमात मशीन म्हणजे मुख्यतः मदरबोर्ड. बोर्ड बिघडला आणि उत्पादकाने तसाच दुसरा घातला तरी लायसन्स टिकतं. जास्त ताकदीचा हवा म्हणून हौसेने बोर्ड बदलला तर मात्र ते नवं मशीन समजलं जातं. सुटं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स ह्याहून मोकळं असतं. जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं, एका वेळी एकावर. एवढा फरक समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पण तो गिऱ्हाइकाला सांगणारं कुणी नाही, कारण न सांगण्यात दर वेळी पाचशे रुपये आहेत.

"कोण विचारतंय" ह्या प्रश्नाकडे येऊ. भिलाईच्या औद्योगिक क्षेत्रात प्लांटसाठी फॅब्रिकेशन करणाऱ्या कितीतरी लहान युनिट्स आहेत. अशा युनिटच्या मालकाला विचारा, टेस्ट सर्टिफिकेट नसलेली प्लेट तो जॉबला लावेल का? प्लेटवरचा हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळल्याशिवाय तो माल उतरवून घेत नाही. त्याच माणसाच्या टेबलावरच्या संगणकात मात्र कुठून आलं ते ठाऊक नसलेलं विंडोज, आणि त्याच संगणकाला निविदा भरायचं डिजिटल सहीचं टोकन खोचलेलं, त्याच्यावरच जीएसटीचं रिटर्न आणि बँकेचं खातं. अँटिव्हायरस बंद करायला लावणारं टूल ज्याने बनवलं, त्याने त्यात आणखी काय भरलं आहे हे कुणालाच माहीत नाही. कोण विचारतंय ह्यापेक्षा आत कोण बसलं आहे हा प्रश्न मला जास्त भीतीदायक वाटतो.

आणि विचारणारा कायदा आहेच. कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणकाचे प्रोग्रॅम त्यात १९८४ च्या दुरुस्तीने आले. कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून केवळ पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. ही सवलत घरच्या वापराला मिळू शकते. कारखान्याच्या ऑफिसला आणि कोचिंग क्लासच्या लॅबला नाही.

ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत मिळणाऱ्या "ओरिजिनल की"चंही तेच. त्यांतल्या बऱ्याचशा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या किंवा मोडीत निघालेल्या मशीनवरून उचललेल्या असतात. ॲक्टिव्हेशन होतं, म्हणून लोक समजतात की लायसन्स मिळालं. संस्थेच्या करारातून घेतलेली की दुसऱ्याच्या घरात वापरायचा हक्क ती विकणाऱ्यालाच नसतो, तर तो तुम्हाला कुठून देणार?

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी कंपनीची वकिली करतो आहे. तसं नाही, आणि दुसऱ्या टोकाचा युक्तिवादही मला तेवढाच अमान्य आहे. त्या टोकाची माणसं म्हणतात, नियम म्हणजे नियम. मशीन विंडोज ११ ला चालत नसेल तर नवं घ्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो, इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१६-१७ च्या सुमारास पुरे पैसे देऊन, रीतसर लायसन्ससह घेतलेला, आजही ठणठणीत चालणारा संगणक कंपनीच्या एका यादीमुळे बाद. लायसन्स वैध, पण ते वापरायची वाट बंद. विंडोज ७ चं स्टिकर चिकटवलेल्या डेस्कटॉपवाल्यांचं तर आणखी वाईट झालं. फुकट अपग्रेडची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ ला संपली, तरी पुढे कितीतरी वर्षं स्टिकरवरच्या की विंडोज १० ला चालत राहिल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने ती वाट बुजवली. ज्यांनी मधल्या काळात अपग्रेड केलं त्यांचं डिजिटल लायसन्स शाबूत राहिलं. ज्यांना कुणी सांगितलंच नाही त्यांचं स्टिकर वाया गेलं. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटलं पाहिजे.

"तुम्ही काही विकत घेतलेलंच नाही, आम्ही फक्त परवानगी दिली आहे" हा कंपन्यांचा पवित्राही तपासून घ्यायला हवा. २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्सच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तयार सॉफ्टवेअर घेणारा माणूस कॉपीराइटचा भाग विकत घेत नाही, तो एक वस्तू, एक प्रत विकत घेतो. खटला आयकराचा होता. जुनी प्रत पुढे विकण्याचा प्रश्न त्यात सुटला नाही, हे मान्य. पण करारनाम्यावर कंपनी काय लिहिते एवढ्यावरच सगळं ठरत नाही, हे त्यातून उघड झालं. युरोपच्या न्यायालयाने तर ३ जुलै २०१२ ला, ओरॅकल विरुद्धच्या यूज्डसॉफ्ट प्रकरणात, कायमचं घेतलेलं लायसन्स पुढे विकायला मोकळीक दिली. अट एवढीच की पहिल्याने आपली प्रत वापरणं बंद करावं. असा स्पष्ट हक्क भारतातल्या ग्राहकालाही मिळाला पाहिजे. आणि तो मागायचा तर आपल्या हातात खरं लायसन्स हवं. खोट्या सर्व्हरवर चालणारा माणूस कुठल्या तोंडाने मागेल?

म्हणून माझं म्हणणं असं की लायसन्स हा गिऱ्हाइकाचा दस्तऐवज आहे, त्याने तो जमिनीच्या कागदासारखा सांभाळावा. मशीन दुकानात द्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये आवृत्ती बघून फोटो काढून ठेवावा. परत आल्यावर तीच आवृत्ती आहे का ते तपासावं. नवं लायसन्स घेतलं तर आवृत्ती आणि प्रकार, रिटेल की मशीनबरोबरचं, हे जीएसटी बिलावर लिहून मागावं. जो दुकानदार ते लिहायला नकार देतो त्याच्याकडे ते लायसन्स नाही, असं समजून चालावं.

ज्यांचं मशीन ११ ला चालत नाही त्यांनी घाबरून नवं घ्यायची गरज नाही. रीतसर विंडोज १० असलेल्या घरगुती संगणकाला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट मिळवता येतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसेही पडत नाहीत. त्यानंतर लिनक्स ही मोफत प्रणाली आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावर चालतात, आपल्या सी-डॅकने बॉस नावाची आवृत्ती काढली आहे, आणि लिनक्स मिंट तर जुन्या डेस्कटॉपवर चांगलं पळतं. तिथे लायसन्सच तुम्हाला प्रत काढायची, वाटायची, दहा मशीनवर टाकायची परवानगी देतं. टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनची मात्र तिथे अडचण येऊ शकते, तेव्हा युनिटवाल्यांनी त्या कामापुरतं एक मशीन रीतसर विंडोजचं ठेवावं आणि बाकीची लिनक्सवर न्यावीत. अभ्यास, चिठ्ठ्याचपाट्या, व्हिडिओ कॉल एवढंच करणाऱ्या सेक्टरमधल्या घरांना ती अडचणही नाही. काकांचा जुना डेस्कटॉप, विंडोज ७ च्या स्टिकरचा, आम्ही गेल्या महिन्यात तसाच मिंटवर नेला, आणि नातवाच्या अभ्यासाला तो रोज चालू असतो.