लाईट गेली की मजा येते

मागच्या महिन्यात चौथीच्या वर्गाला मी निबंध लिहायला दिला, ‘आमच्या घरातली संध्याकाळ’. फळ्यावर मुद्दे मुद्दाम दिले नाहीत. मुद्दे दिले की सगळ्या वह्यांत एकच निबंध निघतो, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कळले आहे. वह्या घरी आणून तपासायला बसले, तर मुद्दे न देताही बहुतेक वह्यांत एकच संध्याकाळ निघाली. अब्बा कामावरून येतात, चहा पितात, मोबाईल बघतात. अम्मी स्वयंपाक करते, मग मोबाईल बघते. भाईजान गेम खेळतो. मी टीव्ही बघतो. मग आम्ही झोपतो.

एका मुलीची वही मात्र वेगळी होती. तिने लिहिले होते, ‘लाईट गेली की आमच्या घरी मजा येते. आम्ही सगळे ओट्यावर बसतो. दादी गोष्ट सांगते. अब्बा आमच्यासोबत भेंड्या खेळतात. मग लाईट येते आणि सगळे आत जातात.’

इंझोरीसारख्या गावात लाईट जाणे ही रोजची तक्रार. आणि एक लेकरू त्याची वाट पाहत बसलेले. मी तो निबंध घरात मोठ्याने वाचून दाखवला. वाटले, मुले हसतील. धाकटा पाचवीत आहे. तो वहीतून मान वर न करता म्हणाला, “आपल्या घरी लाईट गेली तरी काही होत नाही, अम्मी. तुमच्या मोबाईलला चार्जिंग असतं.”

मी काय उत्तर देणार? शाळेची माहिती भरायची असते, ग्रुपवरच्या सूचना बघायच्या असतात, हे सगळे खरे आहे. पण ते काम अर्ध्या तासाचे. त्यानंतरचा दीड तास बोट आपोआप वर सरकत असते, हेही तितकेच खरे. पालकसभेत मी दरवेळी सांगते, “मुलांच्या हातात मोबाईल देऊ नका.” माझ्या स्वतःच्या हाताबद्दल मी कधी बोलले नव्हते.

दोन गावांचे दोन ठराव

या विषयावर आपल्याच राज्यातली दोन गावे गाजली. पहिले सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. कोरोनाच्या काळात शाळा मोबाईलवर भरली, शाळा पुन्हा उघडल्या तरी मोबाईल मुलांच्या हातातून सुटेना. म्हणून १५ ऑगस्ट २०२२ पासून त्या गावाने एक नियम केला. संध्याकाळी ७ वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर ८.३० वाजेपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीसेविका आणि शिक्षक घरोघरी फिरून लोकांना समजावत होते. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे.

दुसरे गाव आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले, पुसद तालुक्यातले बान्शी. तिथल्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की, १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही.

दोन्ही गावांची तळमळ सारखीच आहे आणि दोन्ही गावांचे कौतुकच केले पाहिजे. पण घरासाठी धडा घ्यायचा तर मी वडगावचा घेईन. बान्शीचा नियम मुलांसाठी आहे, वडगावचा सगळ्यांसाठी. भोंगा वाजला की बापाचाही मोबाईल बंद आणि आईची मालिकाही बंद. मुले आपले ऐकत नाहीत असे आपण म्हणतो. पण ती आपल्याकडे सतत बघत असतात.

आपल्याला भोंगा बसवायची गरजही नाही. मगरिबची अजान रोज होते. हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास, उन्हाळ्यात सातच्या सुमारास. पाच नमाजांनी आपल्या दिवसाचे भाग आधीच पाडून दिलेले आहेत. मुलांचा दिवस त्यांवर बसवला, तर वेगळे वेळापत्रक भिंतीवर चिकटवावे लागत नाही.

असर ते मगरिब : अंगण

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी निदान ६० मिनिटे अंगातून घाम निघेल, दम लागेल अशी हालचाल करावी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या पाहणीत ११ ते १७ वयोगटातली १०० पैकी ८१ मुले एवढीही हालचाल करत नसल्याचे दिसले. त्यात मुलींची स्थिती मुलांपेक्षा वाईट.

मोकळ्या उजेडाचा आणखी एक फायदा मला धाकट्याच्या चष्म्यामुळे कळला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “हा दिवसा बाहेर किती खेळतो?” चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळा सुटताना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले. तीन वर्षांनी पाहिले, तर मैदानावर न नेलेल्या मुलांपैकी १०० मागे साधारण ४० जणांना लांबचे कमी दिसू लागले होते. मैदानावर नेलेल्यांत हा आकडा ३० होता. औषध नाही, खर्च नाही, फक्त दिवसाचा उजेड.

शाळा पाचला सुटते. दप्तर ठेवून मुलगा थेट ट्यूशनला जात असेल, तर हा उजेड त्याला कधी मिळणार? ट्यूशन मगरिबनंतर ठेवता येते, सूर्य मगरिबनंतर ठेवता येत नाही.

आता मुलींबद्दल. माझी मोठी आठवीत आहे. सहावीपर्यंत ती लंगडीत कुणाला हात लावू देत नव्हती. नंतर तिचे खेळणे बंद झाले. घरात कुणी “नको” म्हटले नव्हते, पण “चल” असेही कुणी म्हटले नाही. मुलगी मोठी झाली, एवढे न बोलताच ठरून गेले. मग ती खाटेवर बसून राहू लागली, चिडचिड करू लागली, जिना चढताना धापा टाकू लागली. आम्ही म्हणत होतो, वयच तसे आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. पहिल्यांदा त्या जिंकल्या, पुढे कधीतरी आप (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की, हे त्या वेळचे फिटले. ही हदीस आपण पती-पत्नीच्या प्रेमाची म्हणून सांगतो. ती धावण्याचीही आहे. परद्याचा विचार करूनही मुलींना जागा देता येते. घराची गच्ची आहे, मागचे अंगण आहे, चाचाच्या शेतातला बांध आहे. आमच्या घरी दोरीवरच्या उड्या सुरू झाल्या. दोरी विकत आणली नाही, बैलाच्या कासऱ्याचा जुना तुकडा घेतला. पहिल्या दिवशी मी उड्या मारल्या, म्हणून ती उठली. माझ्या बारा झाल्या. तिने चाळीस केल्या आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसली.

मगरिब ते इशा : घर

संध्याकाळ झाली की मुलांना घरात घ्या, ही ताकीद हदीसमध्ये आहे. मुले घरात आली, पण घरातले मोठे मोबाईलमध्ये असतील, तर ती कुणाकडे आली?

आमचा नियम साधा आहे. मगरिबची नमाज झाली की घरातले सगळे मोबाईल पोळ्यांच्या जुन्या डब्यात. रिंग चालू ठेवायची, फोन आला तर बोलायचे आणि परत डब्यात. बंद करायला लावले असते, तर मुलांच्या अब्बांनी दुसऱ्याच दिवशी हात जोडले असते. त्यांचे गिऱ्हाईक संध्याकाळीच फोन करते.

पहिला आठवडा वाईट गेला. बोलायचे काय, हेच सुचेना. तिसऱ्या दिवशी मीच नियम मोडला. लग्नाचे फोटो आले होते. धाकट्याने काही न बोलता डबा उचलून माझ्यासमोर धरला. दुसऱ्या आठवड्यात दादीने विषय काढला, त्यांच्या लहानपणी विहिरीवरून पाणी कसे आणायचे याचा. मग मुलांनी विचारायला सुरुवात केली. दादी इतके बोलू शकते, हे आम्हालाही नव्याने कळले.

कुणी म्हणेल, मास्तरणीला हे जमते. ज्या घरातली आई दिवसभर सोयाबीन सोंगून किंवा कापूस वेचून येते, तिने काय करायचे? तिचे म्हणणे बरोबर आहे. तिला वेगळा वेळ काढा म्हणणे हा तिच्यावर अन्याय होईल. पण लसूण सोलायचाच आहे, तुरीच्या शेंगा सोलायच्याच आहेत, शेळ्यांना पाला टाकायचाच आहे. ही कामे मुला-मुलींना शेजारी घेऊन केली, तर तोच वेळ दुहेरी कामी येतो. आणि यात मुलगाही बसला पाहिजे. लसूण सोलल्याने कुणाची इज्जत कमी होत नाही.

एका दस्तरख्वानवर

इशाच्या आसपास जेवण. एकच दस्तरख्वान, सगळे सोबत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या १०० पैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. आपल्या शिवारात ज्वारी, तूर, हरभरा, अंबाडी पिकते आणि मुले पाच रुपयांच्या पाकिटावर पोट भरतात. वेगळे ताट घेऊन टीव्हीसमोर बसलेले मूल भाजी बाजूला सारते, कुणाच्या लक्षात येत नाही. सगळ्यांमध्ये बसले की येते. भाजीवर लिंबू पिळा, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा देऊ नका, तो ते लागू देत नाही.

हजरत उमर बिन अबी सलमा (रजि.) लहान असताना त्यांचा हात थाळीत इकडेतिकडे फिरत असे. प्रेषित (स.) यांनी त्यांना सांगितले की, अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचे खा. ही शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. पण ती कुठे दिली गेली, तेही बघा. आप (स.) त्याच मुलासोबत जेवायला बसलेले होते.

जेवण, इशा आणि मग झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, त्याहून मोठ्यांना ८ ते १०. फजरला उठवायचे असेल, तर मुलांना रात्री अकरापर्यंत जागवून चालणार नाही. पहाटे रडत उठणारे मूल नमाजचा कंटाळा करते, असे आपण म्हणतो. बऱ्याचदा त्याची फक्त झोप झालेली नसते.

आमच्या घरात सगळे सुधारले, असे मी सांगणार नाही. धाकटा अजूनही मोबाईल मागतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी डबा रिकामाच राहतो. पण मागच्या जुम्म्याला मगरिबनंतर लाईट गेली. आम्ही सगळे ओट्यावर येऊन बसलो, दोरीवरच्या उड्यांवरून मुलांचे भांडण चालले होते. तासाभराने लाईट आली. आत जायला कुणी उठले नाही.

त्या मुलीच्या वहीवर मी ‘छान’ एवढाच शेरा लिहिला. तिच्या अम्मी-अब्बांना पुढच्या पालकसभेत तो निबंध वाचून दाखवणार आहे. या वेळी माझ्या डब्याची हकीकतही सांगेन. तुम्हीही आज मगरिबनंतर एक डबा रिकामा करून बघा. अल्लाह आपल्या घरांना बरकत आणि आपल्या लेकरांना आरोग्य देवो. आमीन.