उत्तर ध्रुवाशी आपलं काय देणंघेणं?

मंडळी, आर्क्टिकबद्दल काही लिहिलं की खाली एक प्रतिक्रिया ठरलेली असते. "इथं रस्त्यात खड्डे, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि सरकार उत्तर ध्रुवावर बर्फ मोजायला माणसं पाठवतंय!" प्रश्न रास्त आहे. पैसा आपला, तर विचारायचा हक्कही आपला. पण विचारलं की उत्तर ऐकून घ्यायची तयारी पण पाहिजे. आज ते उत्तर जरा सविस्तर देतो. आणि उत्तर देऊन झाल्यावर सरकारकडे आणि संशोधकांकडे माझंही काही मागणं आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आधी सरळ माहिती. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंद नावाचं एक छोटं गाव आहे. उत्तर ध्रुवापासून साधारण १२०० किलोमीटर. पूर्वी तिथं कोळशाच्या खाणी होत्या. १९६२ साली खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले आणि खाणकाम कायमचं थांबलं. आज त्याच गावात अनेक देशांची संशोधन केंद्रं आहेत. भारताचं 'हिमाद्री' हे केंद्र तिथं १ जुलै २००८ ला सुरू झालं. २०१४ मध्ये जवळच्या खाडीत पाण्याखाली मोजमापाची उपकरणं सोडली. डिसेंबर २०२३ पासून आपली माणसं हिवाळ्यातही तिथं राहायला लागली. म्हणजे जिथं चार महिने सूर्य उगवतच नाही, त्या अंधारात. आणि हा सगळा कारभार चालतो कुठून? दिल्लीहून नाही, गोव्यातल्या वास्को इथून. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथं आहे. आपल्या शेजारी.

बरं, मोजतात काय? उपग्रहानं आर्क्टिकचा बर्फ मोजायला सुरुवात झाली १९७९ ला. तिथल्या समुद्रावरचा बर्फ दर वर्षी सप्टेंबरमध्ये सगळ्यात कमी असतो. १९८० च्या सुमारास तेव्हाही तो साधारण ७० लाख चौरस किलोमीटर असायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला, तो आजवरचा नीचांक. म्हणजे जेवढा बर्फ गेला तेवढ्यात आख्खा भारत मावला असता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं की १९७९ पासून आर्क्टिक बाकीच्या जगाच्या जवळजवळ चौपट वेगानं तापलाय.

कारण समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही. उन्हाळ्यात आपण गच्चीला चुना का मारतो? पांढरं ऊन परत फेकतं म्हणून. समुद्रावरचा बर्फ हा पृथ्वीच्या गच्चीवरचा चुना. तो निघाला की खाली काळं पाणी उघडं पडतं, ते ऊन पितं, तापतं, आणि आणखी बर्फ वितळवतं. हे चक्र वितळण्याला आणखी वेग देतं.

"असेल, पण आमच्या सोयाबीनचं काय?"

तिकडेच येतोय. वास्कोच्या याच केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा नावाचा समुद्र आहे. उन्हाळ्यात तिथला बर्फ जास्त कमी झाला, तर मान्सूनच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना वाढतात, असा संबंध त्यांना दिसला. उघड्या समुद्राची ऊब वरच्या हवेत जाते, वायव्य युरोपवर हवेचा दाब बदलतो, त्याची लाट वरच्या थरातून आशियापर्यंत येते. त्याच वेळी अरबी समुद्र तापलेला असेल तर बाष्पाची कमतरता नसते. दोन्ही जुळलं की धो-धो.

आता नीट वाचा. त्यांनी 'शक्य असा संबंध' म्हटलंय. उत्तरेत बर्फ वितळला म्हणून तुमच्या शिवारात ढग फुटला, असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यात आणि सोलापूरकडे जे झालं त्याचं खापर कारा समुद्रावर फोडायला माझ्याकडे पुरावा नाही. पण सप्टेंबरचा पाऊस म्हणजे काय हे शेतकऱ्याला सांगायला नको. जूनचा पाऊस चुकला तर दुबार पेरणी होते. सप्टेंबरचा पाऊस उभ्या पिकावर, भरलेल्या शेंगेवर येतो. तोपर्यंत बियाणं, खत, फवारणी, मजुरी सगळं जमिनीत गेलेलं असतं. तो पाऊस पंधरा-वीस दिवस आधी थोडा जरी ओळखता आला, तरी कापणी अलीकडे घ्यायची की थांबायचं हे ठरवता येईल. अशा अंदाजाला वर्षानुवर्षांची मोजमापं लागतात. ती कुणीतरी थंडीत उभं राहून घ्यावी लागतात. हे झालं देणंघेणं नंबर एक.

नंबर दोन जरा नाजूक आहे. उत्तर ध्रुवाचा विषय आपल्याला नवा नाही. ज्यांना हा खर्च उधळपट्टी वाटतो त्यांना आठवण करून देतो, की १९०३ मध्ये पुण्यातून आर्क्टिकवर एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ निघाला होता. लेखक लोकमान्य टिळक. वेदांमध्ये लांबलेल्या उषेची, महिनोन्महिने चालणाऱ्या रात्रीची जी वर्णनं आहेत, ती ध्रुवाजवळ राहिलेल्या लोकांचीच असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात असताना माक्स म्युलरनं पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांनी तिथं वाचून काढली होती. असा अभ्यासू पुढारी आज दाखवा.

पण त्या ग्रंथाचं आज काय होतं? व्हॉट्सॲपवर फिरतो. "आपले पूर्वज उत्तर ध्रुवावरचे, जगानं मान्य केलंय!" जगानं मान्य केलेलं नाही. टिळकांनी त्यांच्या काळातलं भूगर्भशास्त्र आणि खगोलशास्त्र घेऊन मांडणी केली होती. नंतर बर्फाचे, समुद्रतळाच्या गाळाचे नमुने निघाले, हिमयुगांचा कालक्रम बदलला, भाषांचा आणि प्राचीन डीएनएचा अभ्यास पुढे गेला, आणि तो सिद्धांत टिकला नाही. यात टिळकांचा अपमान काहीच नाही. त्यांनी पुरावे मांडून चर्चेला आमंत्रण दिलं होतं. अपमान होतो तो ग्रंथ न उघडता फॉरवर्ड मारण्यात.

आणि गंमत बघा. उत्तरेत माणसं खरंच होती, त्यांच्या खुणाही सापडल्यात. सायबेरियात याना नदीच्या काठी, आर्क्टिक वर्तुळाच्याही बरंच उत्तरेला, साधारण ३२ हजार वर्षांपूर्वीची वस्ती मिळाली आहे. ग्रीनलंडमध्ये गोठलेल्या जमिनीत चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे केस मिळाले. ते कोपनहेगनच्या संग्रहालयात पडून होते, आणि २०१० मध्ये त्यावरून त्या माणसाचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. आपल्याला त्या थंडीतली माणसं हवी असतात ती फक्त 'आपले पूर्वज' म्हणून. ती जशी होती तशी, त्यांच्या स्वतःच्या इतिहासासकट, आपल्याला कधी हवी होती का?

तो इतिहास आता वितळतोय. गोठलेली जमीन म्हणजे शीतकपाट. लाकूड, कातडं, केस, गवताच्या टोपल्या, आपल्या मातीत पन्नास वर्षंही टिकणार नाहीत अशा वस्तू तिथं शेकडो वर्षं टिकल्या. आता कपाटाचं दार उघडं राहिलंय.

अलास्काच्या किनाऱ्यावर क्विनहागाक नावाचं युपिक लोकांचं गाव आहे. लोकवस्ती हजाराच्या आत. किनारा ढासळायला लागला आणि वाळूत जुन्या लाकडी वस्तू दिसायला लागल्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसांत मतभेद होते, पूर्वजांची जागा उकरू नये असं काहींचं म्हणणं. शेवटी गावानं स्वतः ठरवलं आणि स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. २००९ पासून उत्खनन चाललं. मुखवटे, बाहुल्या, हत्यारं, अशा लाखाच्या घरात वस्तू निघाल्या. त्या परदेशात ठेवून घेतल्या नाहीत. जतन करून गावात परत आणल्या आणि २०१८ मध्ये गावाचं स्वतःचं संग्रहालय उभं राहिलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाच्या उरल्यासुरल्या जोरानं तो किनारा पुन्हा फोडला आणि अजून न काढलेल्या कितीतरी वस्तू लाटांनी उधळून लावल्या. ज्या आधी काढल्या त्या वाचल्या. 'आत्ताच कशाला, बघू पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसरी गोष्ट फ्रँकलिनची. १८४५ मध्ये दोन इंग्रज जहाजं आणि १२९ माणसं उत्तरेतून वाट शोधायला निघाली. त्यातला एकही परत आला नाही. १८५४ मध्ये जॉन रे नावाच्या प्रवाशानं इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिकत लंडनला कळवली. माणसं उपाशी मेली आणि शेवटी त्यांनी आपल्याच मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं. लंडन खवळलं. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकानं इनुइटांच्या शब्दावर विश्वास ठेवता येणार नाही असं लिहिलं. पुढे मिळालेल्या हाडांवरच्या खुणांनी इनुइट खरं बोलत होते हे दाखवलं. एक जहाज कुठं बुडालं हेही त्यांच्या आजी-आजोबांच्या तोंडून चालत आलं होतं. २०१४ मध्ये 'एरेबस' सापडलं ते त्याच भागात. २०१६ मध्ये 'टेरर' सापडलं, तेही एका इनुइट माणसानं पूर्वी बर्फातून वर आलेली डोलकाठी पाहिल्याचं सांगितलं म्हणून. दीडशेहून जास्त वर्षं शोध चालला. स्थानिकांचं नीट ऐकलं असतं तर किती वर्षं वाचली असती?

यात अडाणी कोण होतं? ज्यांच्याकडे नकाशे होते ते, की ज्यांच्याकडे आठवण होती ते?

हे फक्त जुन्या काळातलं नाही. रशियाच्या यामाल भागात नेनेत्स लोक रेनडिअरचे कळप पाळतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथं बर्फाऐवजी पाऊस पडला, मग तो गोठला. खालच्या चाऱ्यावर बर्फाचं झाकण बसलं. रेनडिअरला खूर मारून ते फोडता येईना. सुमारे ६१ हजार जनावरं उपासमारीनं मेली. संशोधकांनी समुद्रावरच्या घटलेल्या बर्फाशी याचा संबंध जोडला, आणि त्यासाठी उपग्रहाच्या नोंदींइतक्याच धनगरांच्या आठवणी वापरल्या. चारा डोळ्यासमोर असून जनावर मरतं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या पशुपालकाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता माझं म्हणणं.

भारतानं १७ मार्च २०२२ ला आर्क्टिक धोरण जाहीर केलं. त्याचे सहा खांब आहेत. विज्ञान आणि हवामान आहेच, पण आर्थिक आणि मानवी विकास आहे, वाहतूकही आहे. वाहतूक म्हणजे बर्फ वितळल्यावर मोकळा होणारा समुद्रमार्ग. म्हणजे एका तोंडानं बर्फ वितळतोय म्हणून काळजी, आणि दुसऱ्या तोंडानं त्याच वितळलेल्या वाटेनं जहाज नेऊ. फक्त भारतच नाही, सगळे मोठे देश हेच बोलतात. पण आपण सप्टेंबरच्या पावसाचा मार खाणारे लोक आहोत. तिथलं खनिज आणि तिथली वाट यापेक्षा तिथलं मोजमाप आपल्याला जास्त मोलाचं आहे. पैसा कमी पडला तर कशावर कात्री लावायची नाही, हे आपण मतदारांनी सांगायला हवं.

दुसरं, वास्कोच्या केंद्रानं आपलं काम मराठी आणि कोकणीत सांगावं. वर्षातून एकदा चार पानी पुस्तिका काढावी. यंदा बर्फ किती, त्याचा आपल्या पावसाशी काय संबंध दिसला, काय अजून कळलेलं नाही. इंग्रजी शोधनिबंध लातूरच्या बाजार समितीत कुणी वाचत नाही. ज्ञान लोकांपर्यंत पोचलं नाही तर ती जागा फॉरवर्ड भरून काढतो, हे टिळकांच्या ग्रंथाच्या बाबतीत आपण बघतोच आहोत.

तिसरं, धोरणात 'मानवी' शब्द लिहिलाय तर तो पाळा. हिमाद्रीच्या वाटेनं हवामानशास्त्रज्ञ जातात, उत्तम. पण पुरातत्त्व, मानवशास्त्र, लोकसाहित्य शिकणारी आपली मुलंही उत्तरेतल्या गावांत जाऊ द्या. क्विनहागाकनं काय केलं ते बघून येऊ द्या. ज्या पुण्यातून १९०३ मध्ये तो ग्रंथ निघाला, त्याच पुण्यात पुरातत्त्वासाठी नावाजलेलं डेक्कन कॉलेज आहे. तिथला एखादा विद्यार्थी युपिक आजीसमोर बसून तिचं ऐकून घेतोय, टिळकांच्या कुतूहलाचा याहून चांगला वारसा मला तरी सुचत नाही.

रस्त्यातल्या खड्ड्यांचं म्हणाल, तर त्यासाठी नगरपालिकेला विचारा, मीही विचारतोच. पण खड्डे बुजत नाहीत म्हणून बर्फ मोजणं थांबवा, हा हिशेब चुकीचा आहे. खड्ड्याचे पैसे उत्तर ध्रुवावर गेलेले नाहीत. ते कुठं गेले हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

पटलं नसेल तर खाली लिहा. फक्त एक विनंती, 'जगानं मान्य केलंय' वाला फॉरवर्ड टाकू नका. टाकायचाच असेल तर आधी ग्रंथ वाचून या, मग बोलू.