कच्चं लिंबू आणि विकतची ताकद

ठाणे-डोंबिवलीच्या चाळींत लगोरी खेळताना लहानग्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून सूट मिळते. ती सगळ्यांनी मिळून दिलेली असते, म्हणून कुणी कुरकुरत नाही. मोबाईल गेममध्ये मात्र सूट विकत मिळते.

बीजीएमआयमध्ये यूसी खर्चून घेतलेले कपडे फक्त दिसायला भारी. ठीक आहे, हौसेला मोल नाही. पण २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आल्यावर मुलं ज्याच्याकडे वळली, त्या फ्री फायर मॅक्समध्ये डायमंड खर्चून मिळणाऱ्या काही गन स्किनमुळे बंदुकीची ताकदच वाढते. म्हणजे ज्याच्या घरी पैसा, त्याचीच बंदूक जड! मग हरलेलं पोर नेम सुधारत नाही, पप्पांकडे डायमंड मागतं.

पालकांनो, पैसे भरण्याआधी एकच विचारा: सजावट की ताकद? सजावटीला कधीतरी हो म्हणा, ताकदीला नाहीच.